कंपाउंड बोची साइट २० यार्डला जुळते पण ४० ला बाण डावीकडे जातो, पिन सरकवू का?

तुम्ही लिहिलंय की कंपाउंड बोवर (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) नवीन पाच पिनवाली साइट (नेम धरायची चौकट, एकेका अंतराला एकेक पिन) बसवली, २० यार्डला बाण मध्यात लागतोय, पण ४० ला गेलं की बाणांचा अख्खा ग्रुप चार-पाच इंच डावीकडे, आणि आता फक्त ४० ची पिन डावीकडे ओढावी का. नका ओढू. तसं केलंत तर ४० जुळेल पण ३० आणि ५० परत बोंबलतील, कारण लोचा बहुतेक पिनमध्ये नाहीचे. मी इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये व्हाईटटेल हरणाच्या शिकारीसाठी बो वापरतो आणि साइटला हात सगळ्यात शेवटी लावतो. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, टार्गेट आर्चरी मात्र जोरात चालू आहे, २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाउंडमध्येच वर्ल्ड चॅम्पियन झाले. त्यांच्या साइटवर पिनांची रांग नसते, भिंगाचा एकच स्कोप असतो, कारण अंतर ठरलेलं, ५० मीटर. हरीण कुठे ठरलेल्या अंतरावर येतंय, म्हणून आपल्याकडे ढीगभर पिना.)

आधी बबल (साइटवरची छोटी पाणसळ) बघा. फुल ड्रॉला, म्हणजे स्ट्रिंग पूर्ण ओढल्यावर, बो डावीकडे कललेला असेल तर बाण डावीकडेच जाणार आणि जितकं लांब तितका जास्त. पीपच्या (स्ट्रिंगमधलं डोळ्याने बघायचं भोक) गोलात साइटचा गोल बरोबर मध्ये दिसतोय ना तेही बघा, दरवेळी तसाच दिसला पाहिजे.

ते ठीक असेल तर मग ही टेस्ट करा, ही केल्याशिवाय ऍलन की खिशातून काढू नका. मोठं टार्गेट घ्या, मागे भक्कम आडोसा हवाच, वरच्या बाजूला एक ठिपका काढा आणि त्यातून ओळंबा सोडून सरळ उभी रेघ मारा. आता फक्त २० ची पिन, नेम त्याच ठिपक्यावर, आणि २०, ३०, ४० वरून मारत मागे जा. बाण खाली खाली लागत जातील, ४० वर फूट-दीड फूट तरी, ते सोडून द्या, रेघ सोडतात का तेवढं बघा. बाणांची ओळ खाली येताना डावीकडे तिरकी गेली तर दोष रेस्टचा (बाण ज्यावर टेकतो तो भाग), म्हणजे बाण बोच्या मध्यातून सरळ निघत नाहीये. राइट हँडेड असाल तर रेस्ट उजवीकडे सरकवा, पण एका वेळी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, मग २० ला साइट परत जुळवा आणि परत मागे जा. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही. आणि बाण रेघेवरच सरळ खाली आले पण ४० ची पिन वापरली की डावीकडे जातात असं झालं, तर मग तुमची पिनांची रांगच तिरकी बसलीये. बो व्हाइसमध्ये धरा, स्ट्रिंग ओळंब्याला लावा आणि पिना त्याच ओळीत येईपर्यंत साइट फिरवा. त्यानंतर बबल मध्यात नसेल तर लेव्हल वेगळी ऍडजस्ट करायची, बऱ्या साइटला त्याचा स्क्रू असतो.

एवढं झालं की मगच पिना. नियम एकच, बाण जिकडे गेला पिन तिकडेच न्यायची. खाली लागला तर पिन खाली, डावीकडे लागला तर डावीकडे, सुरुवातीला डोक्याला उलटं वाटतं. किती हलवायची याचा हिशोब पण सोपा आहे: बाण जितका चुकला त्याला पीपपासून पिनपर्यंतच्या अंतराने गुणा आणि टार्गेटच्या अंतराने भागा. पीप ते पिन ३४ इंच, टार्गेट २० यार्ड म्हणजे ७२० इंच, बाण ४ इंच चुकला, तर पिन साधारण ५ मिलिमीटर हलवायची. तेच ५ मिलिमीटर ४० यार्डला ८ इंच होतात, म्हणून बारीक जुळवणी लांबवरूनच करा. आणि एका बाणावरून काही ठरवू नका, तीन-चारचा ग्रुप बघा.

ट्री स्टँडवरून (झाडावरचं मचाण) खाली मारायला वेगळी पिन लागते का असंही विचारलंय. अंतराचं म्हणाल तर नाही. २० फूट उंचीवर बसलात आणि हरीण झाडाच्या बुंध्यापासून २० यार्डावर असेल तर तिरकं अंतर २१ च्या आसपास, म्हणजे काहीच फरक नाही. डोंगरउतारावर मात्र पडतो, ३० अंशाच्या उतारावर तिरके ३० यार्ड असतील तर २६ चा नेम धरायचा, अँगलवाला रेंजफाइंडर हेच करून देतो. स्टँडवर लोक हात खाली करून नेम धरतात, त्याने पीप आणि डोळ्याची लाइन बिघडते, कमरेत वाका. बो खाली-वर केल्यावर ओळंब्याशी धरूनही बबल पळत असेल तर तो थर्ड ऍक्सिस (साइटच्या लेव्हलची आणखी एक जुळवणी) बिघडलाय, सपाट मैदानावर तो कधी कळतच नाही.

शेवटी ब्रॉडहेड (शिकारीचं पातीवालं टोक) लावून मारून बघा. फिक्स्ड ब्लेडवाले (पाती न मिटणारे) ३० वर फील्ड पॉइंटच्या (सरावाचं साधं टोक) डावीकडे लागले तर परत रेस्टच, किंचित उजवीकडे. सीझन परवावर आला असेल आणि वेळच नसेल तर सरळ ब्रॉडहेडवर साइट जुळवा आणि तेवढ्यापुरते फील्ड पॉइंट विसरा.