ढगाने किती ऊन शोषले?

प्रश्न : संशोधन विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजणारी उपकरणे, असतात. ढगाच्या वरून आणि खालून उडून घेतलेल्या नोंदींची वजाबाकी केली, की ढगाने शोषलेले ऊन मिळते का?

उत्तर : मिळते, पण दोन मोठ्या आकड्यांतला तो लहानसा फरक असतो. खाली येणाऱ्या उन्हातून वर परतणारे वजा केल्यावर ढगाच्या वर ४५० आणि ढगाखाली ४१० वॅट प्रति चौरस मीटर उरले, असे समजा. शोषण ४०. दोन्ही आकड्यांत स्वतंत्रपणे १० वॅटची चूक असेल, तर उत्तरात १४ वॅटची, म्हणजे एक तृतीयांश अनिश्चितता येते!

सर्वाधिक घात करतो तो विमानाचा कल (तिरकेपणा). सूर्य शिरोबिंदूपासून (डोक्यावरच्या बिंदूपासून) ६० अंशांवर असताना विमान त्याच्याकडे १ अंश कलले, तरी थेट उन्हाची नोंद ३ टक्क्यांनी वाढते. उपकरणाची बैठकही तिरकी असू शकते. ती तपासायला निरभ्र आकाशाखाली एकाच उंचीवर चारही दिशांना सरळ उडावे. दिशेगणिक आकडा बदलला, तर बैठकीचा कोन काढून दुरुस्ती करावी. ही दुरुस्ती फक्त थेट उन्हाच्या वाट्याला लावायची. दाट ढगाखाली प्रकाश सगळीकडून विखरून येतो; तिथे ती लावणे म्हणजे नवी चूक घालणे. वळणावरच्या नोंदी सरळ वगळाव्यात.

एकच विमान वर-खाली करेपर्यंत ढग बदलतो. म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातील ‘अरेसे’ या ढगांचे शोषण मोजणाऱ्या मोहिमेत एगरेट आणि ट्विन ऑटर ही विमाने एकावर एक उडवली. तरीही तुटक ढगांच्या बाजूंनी निसटलेला प्रकाश हिशेबात ‘शोषलेला’ दिसतो. उड्डाणाच्या लांब पट्ट्यावरची सरासरी आणि सलग पसरलेला थर, हेच त्यावरचे खात्रीचे उपाय.

प्रश्न : उंची बदलल्यावर पायर्जिओमीटरचे (अवरक्त, म्हणजे उष्णतेचे प्रारण मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे का भरकटतात?

उत्तर : त्याचा थर्मोपाइल (उष्णतेतल्या फरकाचा विद्युत संकेत देणारा भाग) आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रारणातला फक्त फरक मोजतो, उपकरणाचे स्वतःचे उत्सर्जन तापमानावरून काढून त्यात मिळवावे लागते. ० अंश सेल्सिअसला ते ३१६ वॅट असते आणि तापमानात १ अंशाची चूक झाली, तर साडेचार वॅटहून जास्त फरक पडतो. उंची बदलताना उपकरणाचा घुमट (वरचे गोलाकार आवरण) आणि बूड यांची तापमाने जुळत नाहीत. दोन्ही नोंदवा, ती स्थिरावेपर्यंत समपातळीवर उडा, मगच मोजणी धरा.

अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) थेंबांच्या ढगातून बाहेर आल्यावर विमानाच्या पाठीवरच्या उपकरणाच्या घुमटाकडे लक्ष ठेवा. निरभ्र आकाशाखालीही थर्मोपाइलचा संकेत शून्याजवळ रेंगाळत असेल, तर घुमटावर बर्फ धरले असण्याची दाट शक्यता आहे. तो पट्टा पुन्हा उडावा.