गजकर्ण मलम लावलं की जातं आणि महिन्याभरात परत येतं. कोणता साबण वापरावा?

साबणाचं नंतर सांगतो. आधी ती ट्यूब उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं एखादं स्टेरॉईड लिहिलंय? मग तुमचं गजकर्ण जातच नाहीये, नुसतं दडून बसतंय.

मी सोलापूरचा, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर असतो. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे, डोक्यावर पत्रा, अंगात जीन्स. जांघेत खाज सुटली तेव्हा घामाचं असेल म्हणून सोडून दिलं. मेहुण्याचं मेडिकल आहे. त्यानं ट्यूब काढून दिली, "दाजी, आठ दिवसांत साफ." आठ कशाला, तिसऱ्याच दिवशी खाज गायब! मी खूश होऊन त्याला जेवायला बोलावलं. महिन्यानं पुन्हा खाज, पुन्हा ट्यूब. असे अकरा महिने काढले. तोवर चट्टे माझ्या कमरेपर्यंत चढले, बायकोच्या पोटावर आले, धाकट्याच्या मानेवर आले. जांघेतली कातडी पातळ होऊन भेगांसारखे पट्टे उमटले, ते अजून आहेत. बायको पहिल्यापासून म्हणत होती, कातडीच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, गजकर्णाला कसला आलाय डॉक्टर.

शेवटी गेलो. डॉक्टरीणबाईंनी ब्लेडनं चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं मलाच सूक्ष्मदर्शकात बघायला सांगितलं. ताण्याचे धागे तुटून एकमेकांवर पडावेत तसं दिसलं, फक्त या धाग्यांना फांद्या होत्या आणि मध्येमध्ये आडव्या रेघा. आयुष्यभर सूत बघितलेला माणूस मी, पण अंगावर काटा आला. ही बुरशी. स्टेरॉईडनं खाज आणि लाली बसते, कारण शरीराचा प्रतिकारच बसतो. बुरशीला रान मोकळं. मेहुणा म्हणतो ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं. असतं ना, पण सोबतचं स्टेरॉईड त्याचं काम होऊ देत नाही.

मग बाईंनी विचारलं, घरात माणसं किती, टॉवेल किती? पाच माणसं, दोन टॉवेल. टॉवेल विणणाऱ्याच्या घरात! मान वर करवेना.

तिघांनाही एकदमच औषध सुरू झालं. मला टर्बिनाफिननं गुण येईना. इकडच्या बुरशीची एक जात त्याला दाद देईनाशी झालीय, तिचं नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, आपल्या देशावरून. मग इट्राकोनॅझोल, भरल्या पोटी, सोबत ॲसिडिटीची गोळी घ्यायची नाही. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण. दोन महिने लागले. रक्त तपासलं तर साखरही निघाली, म्हणजे बुरशीला घरचंच आमंत्रण होतं.

हे वाचून इट्राकोनॅझोल आणायला मेडिकलमध्ये जाऊ नका. हृदय कमजोर असेल तर ती चालत नाही, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, बीपी-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं पटत नाही, गरोदर बाईला तर नकोच. शिवाय प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो, सोरायसिसही तसा दिसतो. आणि स्टेरॉईड फार दिवस लावलं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, कारण वर्तुळाचा आकारच बिघडतो आणि बघणारा फसतो.

मेहुण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणतो, "दाजी, गिऱ्हाईक मागतंय तर मी काय करू?" चिठ्ठी माग, दुसरं काय करणार.

साबण साधा चालेल. कपडे गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात उलटे वाळवा, ऊन तर इथे फुकट आहे. आणि अंग पुसायला प्रत्येकाला वेगळा टॉवेल.