मृत समुद्र आणि वादी रम: पहिल्यांदा ग्रुप नेताना

ताई, पहिल्यांदाच ग्रुप घेऊन जॉर्डनला जायचा तुमचा बेत छान आहे, बिनधास्त करा. पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा.

मृत समुद्रात मीठ जवळपास ३४ टक्के, म्हणजे आपल्या समुद्राच्या साधारण दहापट. बुडायची भीती वाटत नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात. सगळ्यांना आधी बजावून ठेवा:

- पाठीवर तरंगायचं. पालथं झालं की सरळ होणं अवघड जातं, आणि ते पाणी पोटात गेलं तर थेट दवाखाना.
- आदल्या दिवशी दाढी, वॅक्सिंग नको. भयंकर झोंबतं.
- डोळे चोळायचे नाहीत. गोड्या पाण्याची बाटली घेऊन एक जण काठावर हवाच.

दहा-पंधरा मिनिटं पुरे.

मृत समुद्राहून वादी रमच्या वाळवंटात पोचायला रस्त्याने चारेक तास लागतात, सूर्यास्ताआधी पोचा. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नका, हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ येतो. शाकाहारी किती, ते तिथल्या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) यजमानांना आधीच कळवा. त्यांचं 'जर्ब' हे मांस-भाज्यांचं जेवण वाळूतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर तासन्‌तास शिजतं, ऐनवेळी बदलता येत नाही. चहा पुढे केला की निवांत बसून घ्या.

पेत्रा (खडकात कोरलेलं प्राचीन शहर) जोडायचं का, ते तारखा ठरल्यावर बोलू.