आईला दुसऱ्या वृद्धाश्रमात हलवलं, तर ती खचेल का?

‘जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं की जगत नाही, असं सगळे म्हणतात. आईला हलवू की नको?’ समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं. आई ८१ वर्षांच्या, तळेगावजवळच्या एका वृद्धाश्रमात चांगल्या रुळलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आपण त्यांना काकू म्हणू.) जागेचा करार संपल्याने वृद्धाश्रम बंद होणार होता आणि घरच्यांना महिन्याभराची मुदत मिळाली होती. म्हणजे न हलवण्याची सोयच नव्हती.

भावंडांचा बेत ठरला होता. ‘डॉक्टरांना दाखवायला जाऊ’ म्हणायचं, गाडीत बसवायचं आणि थेट नव्या ठिकाणी उतरवायचं. रडारड नको, म्हणून. हा बेत मी बऱ्याच घरांतून ऐकते आणि प्रत्येक वेळी मोडता घालते.

त्यांची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. शिकागोतलं असंच एक निवासस्थान बंद पडल्यावर तिथल्या वृद्ध-अपंगांचं काय झालं, याचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर मृत्यू अपेक्षेपेक्षा वाढले होते, तेही विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. पण त्यातही उघडपणे रागावणाऱ्यांपेक्षा खचून मिटून गेलेल्यांचं जास्त वाईट झालं. पुढे झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नीट तयारी करून हलवलं, तर धोका वाढलाच असं दिसत नाही.

मुलाने अखेर खरं सांगितलं. काकू भडकल्या. ‘मला न विचारता ठरवलंत?’ दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून विचारलं, ‘तिथे खिडकी आहे का? आणि माझी मावशी येणार का?’

मावशी म्हणजे त्यांचं सगळं करणारी बाई. ती येणार नव्हती. पण तिला विचारून मुलाने एक कागद भरला: डाव्या कानाने ऐकू येत नाही, गोळ्या चहानंतरच घेतात, रात्री दोनदा उठतात, कवळी स्वतःच धुतात. फाइलमध्ये यातलं काहीही नव्हतं. काकूंना आधी एकदा नवी जागा दाखवून आणली. गोधडी, देवांचा डबा आणि रेडिओ त्यांच्याबरोबरच गेले. हलवायचं ते रविवारी संध्याकाळी नाही, तर कामाच्या दिवशी सकाळी, हा माझा आग्रह, कारण तेव्हा सगळा स्टाफ हजर असतो.

तरी पहिले काही दिवस वाईटच गेले. रात्री उठल्या की काकू भिंतीवर आपटायच्या. जुन्या खोलीत भिंत उजवीकडे होती, त्या डावीकडून उतरायच्या. इथे नेमकं उलटं. पलंग फिरवला, रात्रीचा छोटा दिवा लावला, तेव्हा आपटणं थांबलं.

दुसऱ्या आठवड्यात वेगळंच सुरू झालं. दुपारभर गुंगी, मुलाला भावाच्या नावाने हाक, मधूनच अगदी व्यवस्थित बोलणं. ‘जागा मानवली नाही’ असं म्हणून सगळे मोकळे झाले. मी आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. औषधाने गोंधळ ओसरला. म्हाताऱ्या माणसाला असा अचानक, दिवसात कमी-जास्त होणारा भ्रम झाला, तर समुपदेशकाचा नंबर फिरवू नका, डॉक्टरांचा फिरवा. संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, बदललेली गोळी, काहीही असू शकतं.

‘पंधरा दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील,’ असं नव्या ठिकाणी सांगितलं होतं. मला हे मुळीच पटत नाही. अनोळखी जागेत ओळखीचा चेहराही काढून घ्यायचा? मुलगा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जायचा, आणि निघताना पुढचा वार सांगून निघायचा.

काकू आता जेवणघरात स्वतःची खुर्ची धरून बसतात. आमटीत गूळ फार घालतात, ही तक्रार मात्र रोज असते. मुलाला मी सांगितलंय, आईला समजावत बसू नका, ती तक्रार स्वयंपाकघरापर्यंत पोचवा.