मोसमाच्या मध्येच कोच बदलला तर हरणारी फुटबॉल टीम खरंच सावरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहल्ल्याची टीम सलग सहा मॅच हरली आहे, कमिटी कोच बदलायच्या विचारात आहे आणि नवा कोच म्हणतो की आपण साधं खेळू. याने काही होतं का, की हे फक्त टीव्हीवरच्या क्लबांचं?

होतं. आमचं झालं. मात्र त्यातलं नव्या कोचमुळे किती आणि आपोआप किती, याबद्दल आता मी पूर्वीसारखा छातीठोकपणे बोलत नाही.

मी नागपुरात खालच्या डिव्हिजनला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, म्हणून खेळायचो. त्या वर्षीचे आमचे सर तरुण, अभ्यासू, कोचिंगचा कोर्स करून आलेले. मोबाईलवर क्लिपा दाखवायचे. गोलकीपरने लांब मारायचं नाही, सेंटर बॅकला द्यायचं, त्याने मला द्यायचं, आणि मी लाइन सोडून आत मिडफिल्डमध्ये शिरायचं. बोर्डावर फार देखणं दिसायचं ते. आमचं मैदान मात्र काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला अर्धा किलो चिखल चिकटतो आणि दिवाळीनंतर तीच माती वाळून भेगाळते. तिथे पाच मीटरचा पाससुद्धा कुठून उसळेल सांगता येत नाही. पाच मॅच हरलो. निम्मे गोल तर आम्हीच आपल्या बॉक्ससमोर बॉल घालवून समोरच्यांना ताटात वाढलेले.

मग कमिटीने सरांना थांबायला सांगितलं आणि रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांना आणलं. पासष्टीचे, तरुणपणी स्वतः खेळलेले. पहिल्या संध्याकाळी ॲक्टिव्हाच्या डिकीतून त्यांनी बोर्ड वगैरे काही काढलं नाही. काढली ती पलंगाची जुनी नवार, गुंडाळी केलेली. आम्हा चौघा डिफेंडरांच्या कमरेला ती बांधली, दोघांत सात-आठ पावलांचं अंतर ठेवून. मग समोर उभे राहून हाताने बॉल इकडून तिकडे फेकायला लागले. बॉल उजवीकडे गेला की राइट बॅक पुढे धावायचा आणि मी जागेवरच उभा असलो तर नवार माझ्या बरगडीखाली करकचून बसायची. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा तोंडावर पडलो. कमरेला लाल वळ उठले. विसेक मिनिटांनी मात्र एक गंमत झाली: कोणी कोणाला ओढेना. दुसऱ्या दिवशी नवार नव्हती, तरी आम्ही बांधल्यासारखेच सरकत होतो. ‘लाइन ठेवा, लाइन ठेवा’ हे वर्षभर ऐकलं होतं. ती म्हणजे नेमकं काय ते त्या वळांनी शिकवलं.

काकांचं भाषण एवढंच: “पोट्टेहो, तुम्हाले खेळता येते. पण तुम्ही इचार भल्ला करून राहिले.”

याच वाक्यात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. आधी बॉल माझ्या पायाशी आला की चार वाटा असायच्या: आत, मागे, पुढे कडेने पळणाऱ्या विंगरकडे किंवा तिरपा पलीकडे. कुठली निवडू हे ठरेपर्यंत समोरचा विंगर अंगावर आलेला असायचा. काकांनी एकच वाट ठेवली: लाइनच्या कडेने, त्यांच्या फुल बॅकच्या, म्हणजे कडेच्या डिफेंडरच्या, पाठीमागे. तुम्ही म्हणाल, ते तर समोरच्यांनाही दोन मिनिटांत कळेल. कळतंच. पण आमच्या विंगरलाही ते आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे मी पाय उचलायच्या आत तो पळत सुटलेला असतो. साध्या डावपेचांनी आमचं कौशल्य तसूभरही वाढलं नाही. घुटमळणं तेवढं संपलं. बॉल गेला की आधी पाठ फिरवून चार-चारच्या दोन रांगांत परत यायचं, मग काय ते बघायचं, हा दुसरा नियम. तिसरा थ्रो-इन आणि कॉर्नरचा. त्यावर रोज अर्धा तास जायचा आणि आम्ही कंटाळून जायचो.

पुढची मॅच कामठीच्या टीमशी होती. तिथली पोरं चालायला शिकतात तेव्हापासून बॉल मारतात, आधी त्यांनी आम्हाला चार गोलांनी धुतलं होतं. या वेळी ०-० सुटली. आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. काकांनी कबूल केल्याप्रमाणे तर्री पोहे झाले, पैसे मात्र आमच्याकडूनच घेतले. त्यानंतरच्या सात मॅचमध्ये आम्ही एकच हरलो.

क्लाउडिओ रानिएरी यांच्या पिझ्झाची गोष्ट मला नंतर कळली. ते 2015 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबला कोच म्हणून आले. टीम गोल करत होती, पण खातही होती. पहिल्या नऊ लीग मॅचमध्ये एकदाही गोल न खाता सुटली नव्हती. एक मॅच गोल न खाता काढा, पिझ्झा देतो, असं ते म्हणाले. क्रिस्टल पॅलेसला १-० हरवल्यावर दिलासुद्धा, पण पोरांना स्वतःच्या हाताने करायला लावला. खेळ म्हणजे जुनाट ४-४-२ (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर), बॉल समोरच्यांकडे राहिला तर राहू दे, हिसकला की एका लांब पासवर वार्डी या स्ट्रायकरला सोडायचं. 81 गुण, अख्ख्या मोसमात फक्त 3 पराभव आणि प्रीमियर लीगचं विजेतेपद. आता सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. आदल्या मोसमाच्या शेवटच्या नऊपैकी सात मॅच तीच टीम आधीचे कोच नायजेल पिअर्सन यांच्या हाताखाली जिंकली होती. म्हणजे रानिएरींना धावती गाडी मिळाली होती, आणि तिचं इंजिन उघडून बसायचं नाही एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर खालिद जमील. 2016-17 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली, मोहन बागानपेक्षा एकच गुण जास्त घेऊन. 2021 च्या जानेवारीत इंडियन सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडने मोसमाच्या मध्येच कोचला काढून टीम त्यांच्या हातात दिली, आणि लीगच्या उरलेल्या मॅचमध्ये एकही न हरता ते प्लेऑफला पोचले. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचे कोच झाले. हाताशी मोजके दिवस होते. तेवढ्यात काफा नेशन्स कप या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा नंबर काढला. घट्ट बचाव आणि लांब थ्रो-इन, हत्यारं म्हणाल तर एवढीच. मला आमचा तो कंटाळवाणा अर्धा तास आठवला.

पण ऑक्टोबरमध्ये त्याच टीमने मडगावला सिंगापूरकडून १-२ मार खाल्ला आणि आशियाई कपचा रस्ता बंद झाला. कोच तेच, पद्धत तीच. बचाव बांधून तुम्ही हरणं थांबवू शकता, पण जिंकणंच भाग असेल आणि समोरचा दार लावून बसला असेल तर नुसत्या लांब पासने दार उघडत नाही. आमचंही शेवटच्या मॅचला तेच झालं. वरच्या डिव्हिजनला जायला जिंकणं गरजेचं होतं, समोरच्यांनी फुल बॅक पुढे सोडलेच नाहीत, आणि मी नव्वद मिनिटं त्यांच्या डोक्यावरून बॉल थेट मैदानाबाहेर मारत राहिलो. ०-०. वर काही गेलो नाही.

आणखी एक गोष्ट कमिटीच्या कानावर घाला. बास टेर वील नावाच्या अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगचे 1986 ते 2004 पर्यंतचे मोसम तपासले. कोच काढल्यावर टीमचे निकाल सुधारतात हे खरंच निघालं. पण तितक्याच वाईट फेऱ्यातून जाणाऱ्या ज्या क्लबांनी कोच काढला नाही, तेही जवळपास तसेच सुधारले. कोच काढला जातो तो टीम अगदी तळाला असताना. तिथून वर येण्याखेरीज फारशी जागाच नसते. आमच्या पाच पराभवांतही दोन मॅच तर नशिबानेच गेल्या होत्या, हे मला पुष्कळ नंतर मान्य करावंसं वाटलं.

म्हणून कोच बदलणं म्हणजे निव्वळ भ्रम, असंही म्हणणार नाही. विदर्भाच्या क्रिकेटचं बघा ना. खेळ वेगळा आहे, पण नागपूरकर असून हे न सांगणं म्हणजे पाप. 2017 मध्ये चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि ज्या टीमने आयुष्यात रणजी जिंकली नव्हती तिने लागोपाठ दोनदा जिंकली. नवा माणूस आला की बेंचवरच्याला वाटतं आपला नंबर लागेल, आणि ज्याची जागा पक्की होती तो वेळेवर यायला लागतो. आमच्याकडे काकांच्या पहिल्या आठवड्यात सगळे साडेपाचला हजर असायचे. महिन्याभरात पुन्हा पावणेसहा झाले.

तुम्हाला करता येण्यासारखं एकच सांगतो. पुढच्या मॅचला कोणाला तरी वही घेऊन कडेला बसवा आणि प्रत्येक गोल कसा बसला ते लिहायला सांगा. आपल्याच अर्ध्यात बॉल घालवून बसत असतील, तर खेळ सोपा केल्याने पंधरा दिवसांत फरक दिसेल. शेवटच्या वीस मिनिटांत पाय संपल्यावर बसत असतील, तर कोच कोणीही आणा, आधी पोरांना पळवावं लागेल.

आणि ती वही आधी तुमच्या आत्ताच्या कोचना दाखवा. आम्ही तेवढंही केलं नाही. मी आणि आमचा राइट बॅक रोज एकाच गाडीवर घरी जायचो आणि रस्ताभर हेच बोलायचो, की या मैदानावर मागून पास खेळणं जमणार नाही. सरांना मात्र दोघांपैकी एकानेही कधी सांगितलं नाही. त्यांना थांबायला सांगितलं तेही ग्राउंडवर, सगळ्यांसमोर, आणि आम्ही बुटाच्या नाड्या बांधत बसलो होतो.