डाव्या विचाराने चित्रपट पाहायचा तर नेमके काय पाहायचे?

डावी समीक्षा प्रत्येक चित्रपटात मालक आणि मजूर शोधत बसते, त्यामुळे कलेवर अन्याय होत नाही का, असे आपण विचारले आहे. समीक्षक केवळ कथानकाचा गोषवारा तपासून निकाल देतो, तेव्हा असा अन्याय जरूर होतो. नायक गरीब आहे आणि खलनायक धनाढ्य आहे एवढ्यावरून चित्रपटाला पुरोगामी ठरवणे ही समीक्षा नव्हे. पडद्यावर उभा केलेला संघर्ष दिग्दर्शक कोणत्या मार्गाने सोडवतो आणि त्या मार्गात कष्टकऱ्याच्या श्रमाचे काय होते, हे तिने पाहावे असे मला वाटते. ते दृश्यांतूनच कळत असल्यामुळे अशा समीक्षकाला कलेकडे दुर्लक्ष करताच येत नाही.

यासाठी मी दोन शर्यतींचे उदाहरण देतो. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) सावकारी फासातून जमीन सोडवण्यासाठी शंभू कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. पुढची रिक्षा गाठण्यासाठी गिऱ्हाईक वाढीव पैशांचे आमिष दाखवत राहते, शंभू जिवाच्या आकांताने धावतो, अखेर चाक निखळते आणि तो जखमी होतो. बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’मध्ये (१९५७) मालकाची बस आणि शंकरचा टांगा यांची शर्यत लागते, टांगा जिंकतो आणि शेवटी मालक व गावकरी यांच्यात समेट होतो. पहिल्या शर्यतीत वेग वाढतो तसा माणूस मोडतो. दुसऱ्या शर्यतीत मूळ प्रश्नच बदलून जातो, कारण यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा नफा कोणाला, हा वाद घोडा आधी पोहोचतो की मोटार, या पैजेत विरून जातो.

दोन्ही चित्रपटांत डाव्या चळवळीशी जोडलेली माणसे होती, हे येथे लक्षात घ्यावे. ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू साकारणारे बलराज साहनी आणि त्याचे संगीतकार सलील चौधरी १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेचे होते, तर ‘नया दौर’ची गीते लिहिणारे साहिर लुधियानवी प्रगतिशील लेखकांपैकी होते. तेव्हा कलावंतांची राजकीय निष्ठा पाहून चित्रपटाचे राजकारण ठरत नाही. १९५६ मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती, अवजड उद्योगांवर तिचा भर होता, आणि यंत्र व माणूस दोघांनाही सांभाळून घेण्याची त्या काळाची आशा ‘नया दौर’च्या शेवटात मला स्पष्ट दिसते. तरीही मी तो चित्रपट निकालात काढणार नाही. गावकरी एकत्र येऊन रस्ता बांधतात तो भाग (त्याचे बाह्यचित्रण आमच्याच मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या बुधनीला झाले होते) सामूहिक श्रमाचे इतके देखणे चित्रण करतो, की तडजोडीच्या शेवटाने त्याचे मोल कमी होत नाही.

इंदूरमध्ये राहणाऱ्याला हे विवेचन पुस्तकी वाटत नाही. येथील हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीची रक्कम मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. दुसऱ्या एका गिरणीच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) आयुष्य काढलेल्या माझ्या शेजारच्या काकांबरोबर मी ‘दो बिघा जमीन’ पाहिला, तेव्हा त्यांना रिक्षाच्या दृश्यापेक्षा कर्जाच्या हिशेबाचे दृश्य अधिक झोंबले. शंभूच्या समजुतीप्रमाणे देणे ६५ रुपये असते, पण वहीत ते २३५ च्या घरात गेलेले असते. “वही ज्याच्या हातात, कर्ज तो म्हणेल तेवढं,” असे काका म्हणाले. त्या दृश्यावर मी इतके वाचले होते, परंतु इतके नेमके कोणी लिहिलेले मला आठवत नाही.

चित्रपटाला पैसा कोणी पुरवला हेही पाहावे, मात्र त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. श्याम बेनेगल यांच्या दूध सहकारी संस्थेवरील ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, तरी चित्रपटातल्या गावात आपण शिरतो ते शहरातून आलेल्या डॉक्टर राव यांच्याबरोबर.

आपल्याकडील डाव्या समीक्षेची खरी उणीव मात्र वेगळी आहे: वर्गावर बोलताना तिने जातीला फार काळ दुय्यम मानले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या या दलित शाळकरी मुलाचे कुटुंब मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीसमोरून जाते आणि त्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे असतात. हे काम त्याच घराने का करायचे आणि गावाने ते पाहून का हसायचे, याचे उत्तर केवळ मजुरीच्या भाषेत मिळत नाही. त्या चित्रपटाविषयी लिहिताना मला मार्क्स पुरला नाही. फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि आंबेडकरांचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ ही पुस्तके पुन्हा वाचावी लागली आणि त्यानंतरच मी त्या भिंतीच्या दृश्याबद्दल चार ओळी लिहू शकलो.