‘काटकसर’ म्हणजे नेमकं काय? काटकसरी आणि कंजूष यांत फरक आहे का?

फरक आहे, आणि मोठा आहे. काटकसर म्हणजे गरजेपुरता खर्च करणं आणि हातातलं वाया जाऊ न देणं. कंजूष माणूस गरज असली तरी पैसा सोडत नाही; त्याला कवडीचुंबक म्हणतात ते म्हणूनच.

आमच्याकडे तेलाची पिशवी रिकामी झाली की आई ती कापून उघडते आणि कणकेचा गोळा आतून फिरवते. चिकटलेलं तेल कणकेला लागतं, पोळ्या मऊ होतात. रात्री उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. पण पाहुणा आला की वाटीभर तूप हीच आई पुढे करते. ही काटकसर.

शब्दातला ‘काट’ काटछाटीतला वाटतो, आणि ‘कसर’ हा मूळचा अरबी, अर्थ उणीव (‘कसर भरून काढणे’ म्हणतो तोच).

शब्द स्त्रीलिंगी आहे: ती काटकसर. ‘यंदा पाऊस कमी, पाणी काटकसरीने वापरा’, ‘काटकसर करून बहिणीची फी भरली’. म्हणजे फक्त पैशाची नाही, पाण्याची, विजेची, शब्दांचीसुद्धा काटकसर होते. ‘बचत’ मात्र वेगळी: काटकसर ही वागण्याची रीत, बचत म्हणजे त्यातून शिल्लक पडलेली रक्कम. कुणाला ‘काटकसरी’ म्हटलं तर ते कौतुकच समजावं.